जेवणाचा दगड

(टांझानियातल्या कराटू गावी एका सफारी कंपनीचं ऑफिस. सकाळचे अकरा. टेबलावर सेरेंगेटीचा मोठा नकाशा पसरलेला, त्यावर चहाचे तीन कप. ऑफिसातली एलिगिवा, ड्रायव्हर सानिंगो आणि त्याची आई; त्यांच्या बोलीत येयो म्हणजे आई.)

एलिगिवा : पुढचा प्रश्न. कुठला प्राणी बघायची विशेष इच्छा आहे?

येयो : वासरू.

एलिगिवा : मावशी, वासरू यादीत नाही. सिंह आहे, चित्ता आहे, बिबट्या, हत्ती, गेंडा. यातला एक सांगा.

येयो : मग तो रकाना मोकळा सोड.

सानिंगो : येयो, तिला फॉर्म भरू दे गं. कंपनीच्या गाडीत जो बसतो त्याचा फॉर्म भरावाच लागतो. मग तो पाहुणा असो नाहीतर ड्रायव्हरची आई असो. एलिगिवा, हत्ती लिहून टाक.

येयो : हत्ती मला नको. परवाच आमच्या पाणवठ्यावर ठाण मांडून उभा होता. पाण्याचे डबे तिथंच टाकून पळालो आम्ही बायका. त्याला बघायला पैसे देतं कुणी?

एलिगिवा : देतात ना मावशी. त्यावरच तर माझी चूल पेटते.

येयो : आणि सिंहाला?

सानिंगो : त्याला सगळ्यात जास्त. दिसला नाही तर जेवताना माझ्याशी बोलत नाहीत.

येयो : आमच्या लहानपणी सिंह दिसू नये म्हणून काट्यांची कुंपणं घालायचे. दिसला की माझ्या बापाचा चेहरा उतरायचा. आणि हे लोक विमानात बसून येतात, दिसला नाही म्हणून रुसतात. नवलच आहे बाई.

एलिगिवा : बरं, नावापासून सगळं भरून झालं. आता इथं खाली अंगठा लावा.

येयो : अंगठा नाही लावणार.

सानिंगो : आता हे काय नवीन?

येयो : आमच्या वतीनं एकदा लावून झालाय अंगठा. कुणी म्हाताऱ्यांनी लावला, कुणा साहेबानं कागद पुढं सरकवला. त्यानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या रानाचं उद्यान झालं, आम्ही गुरं हाकत सेरेंगेटीतनं निघालो ते निघालो. मी अंगठा लावत नाही कशावर.

एलिगिवा : असू दे दादा, शेवटी बघू. मावशी, तुम्हाला सगळं नीट कळलंय ना? शुक्रवारी आमचे पाहुणे विमानानं थेट उद्यानाच्या आत उतरणार. म्हणून दादांना गुरुवारी रिकामी गाडी घेऊन आत जायचंय. त्या रिकाम्या गाडीत तुम्ही. रात्री कॅम्पवर ड्रायव्हर लोकांच्या खोल्या असतात, तिथं झोपायचं. शुक्रवारी भाजीचा ट्रक परत येतो, तो तुम्हाला तुमच्या एंडुलेन गावाच्या फाट्यावर सोडेल.

येयो : कळलं.

एलिगिवा : मालक हो म्हणालेत. त्यांची एकच अट आहे. गाडीत दुधाचा भोपळा, तुमचं ते वाळक्या भोपळ्याचं भांडं, न्यायचं नाही.

येयो : का?

सानिंगो : मागं मामाला दवाखान्यात नेलं ना, तेव्हा भोपळा लवंडला सीटवर. तीन आठवडे वास जात नव्हता. एका पाहुणीनं तर पत्र लिहिलं कंपनीला.

येयो : तुझ्या मामाला बूच घट्ट बसवता येत नाही, त्याला मी काय करू?

सानिंगो : जाऊ दे. तू बेत ऐक. मी सगळं आखून ठेवलंय. सकाळी सहाला इथनं निघायचं. कड्यावर धुकं असेल, तिथं दहा मिनिटं थांबून चहा. मग हळूहळू खाली उतरायचं आणि समोर अथांग मैदान. डाव्या हाताला झेब्र्यांचे कळप, उजव्या हाताला, नशीब असेल तर...

येयो : तू माझ्याशी बोलतोयस का गोऱ्यांशी?

सानिंगो : सवय गं. तोंडात बसलंय ते.

येयो : वीस वर्षांत तुझा आवाजच बदलला. घरी येतोस तेव्हा वाटतं, आता म्हणशील, डाव्या हाताला माझी बायको, उजव्या हाताला माझी पोरं.

एलिगिवा : इथंही तेच चालतं मावशी. परवा मी दारात पाऊल टाकलं तर म्हणतात कसे, समोर बघा, अत्यंत दुर्मिळ दृश्य, एलिगिवा वेळेवर आली.

येयो : ऐक सानिंगो. मला चहा नको, झेब्रे नकोत. मला एकच जागा बघायची आहे. सरळ तिथं ने. थोडा वेळ बसू दे. मग परत आण.

सानिंगो : त्यासाठीच तर चाललोय ना? पण ती जागा कुठंय ते सांगशील तर. मोरूच्या बाजूला, एवढंच लहानपणापासून ऐकत आलोय. हा बघ नकाशा. ठेव बोट.

येयो : ही निळी रेघ कसली?

एलिगिवा : नदी.

येयो : आणि माणसं राहतात ती जागा कुठल्या रंगात?

एलिगिवा : आत माणसं राहत नाहीत ना मावशी. हे छोटे चौकोन आहेत ती हॉटेलं.

येयो : मी राहत होते.

एलिगिवा : हो. म्हणजे... हो. त्याला रंग दिलेला नाही त्यांनी.

सानिंगो : येयो, मोरूत खडकच खडक आहेत. एकेक टेकडीएवढा. मोजून संपायचे नाहीत. खडकाचं नाव सांग, मी बरोबर नेतो. आपल्या लोकांनी तिथल्या प्रत्येक खडकाला नाव दिलेलं होतं, तुमच्याही खडकाला असणारच.

येयो : होतं.

सानिंगो : काय होतं?

येयो : ते नाही सांगता येणार.

सानिंगो : आठवत नाही?

येयो : आठवत नाही? माझ्या गाईंची नावं सांगू? त्यांच्या आयांची सांगू? तू पहिल्यांदा खोटं बोललास तो दिवस कुठला ते सांगू?

एलिगिवा : तो सांगाच मावशी. मी लिहून घेते.

सानिंगो : एलिगिवा, तू थांब. येयो, नाव आठवतंय तर मग सांगायला काय हरकत आहे?

येयो : ते नाव आम्ही खाली ठेवलं.

सानिंगो : अच्छा. असं आहे होय.

एलिगिवा : असं म्हणजे कसं? मला कुणी सांगेल का?

सानिंगो : आमच्यात लहान पोर गेलं, किंवा बाई गेली, की घरातली माणसं पुन्हा तिचं नाव घेत नाहीत. त्या नावाची दुसरी काही वस्तू असली, गाय असो, झरा असो, तर तिलाही दुसऱ्याच नावानं हाक मारायची. नाव खाली ठेवलं म्हणतात त्याला.

एलिगिवा : कायमचं?

सानिंगो : कायमचं. म्हणजे त्या खडकाचं नाव कुणाच्या तरी नावावरून होतं. कोण गेलं होतं, येयो? मला तू कधी बोलली नाहीस.

येयो : आधी मला एक सांग. तिथं पोचल्यावर मला खाली उतरता येईल ना?

सानिंगो : गाडीतून? नाही गं.

येयो : नाही म्हणजे?

सानिंगो : उद्यानात गाडीतून उतरता येत नाही. कायदा आहे. छत वर उचलतो मी, सीटवर उभी राहा, सगळं दिसतं. तुला खाली उशी ठेवतो.

येयो : मला उभं राहून बघायचं नाहीये. मला जमिनीवर पाय ठेवायचाय.

सानिंगो : तोच ठेवता येत नाही. आमच्यातल्या एकानं एका म्हाताऱ्या पाहुण्याला झुडपामागं उतरवलं, लघवीला. कुणीतरी बघितलं. वर्षभर परवाना गेला त्याचा. आता बाजारात कांदे विकतो.

येयो : तो परका पाहुणा होता. मी माझ्या आईच्या घरी चाललेय.

सानिंगो : फाटकावरचा माणूस असं नाही विचारत, येयो. तो विचारतो, उतरलात की नाही.

येयो : मग मी येत नाही. ए पोरी, फाड तो कागद.

एलिगिवा : मावशी, असं नका करू.

येयो : फाड म्हणते ना. माझी आई दारात आलेल्याला दुधाचा घोट दिल्याशिवाय परत पाठवत नव्हती. आणि मी तिच्या दारात जाऊन काय करू? गाडीतून मान हलवू? गोऱ्यांसारखी गळ्यात दुर्बीण अडकवून तिच्या घराकडं बघू? त्यापेक्षा बघितलं नाही ते बरं.

सानिंगो : वीस वर्षं. वीस वर्षं मी तुला चल चल म्हणतोय, येयो. प्रत्येक वेळी तुझी गाय व्यायलेली असते, नाहीतर गुडघा दुखत असतो. दरवेळी परक्यांना घेऊन त्या रस्त्यानं जातो तेव्हा वाटतं, मागच्या सीटवर तू असायला हवी होतीस. त्यांना सांगतो, माझ्या आईचा जन्म इथलाच. ते म्हणतात, कुठं? मी हात असा सगळीकडं फिरवतो, कारण मलाच माहीत नाही. लाज वाटते गं मला. आणि आता तू आपण होऊन आलीस तर ही अट घालतेस.

येयो : इतकी वर्षं मला नव्हतं यायचं.

सानिंगो : मग आता का?

येयो : तुझी मोलेल गावची मावशी, माझ्या बापाच्या थोरल्या बायकोची लेक, गेली ना, गेल्या पावसाच्या आधी.

सानिंगो : हो.

येयो : ते घर बघितलेल्या आम्ही दोघीच उरलो होतो. तुझा मामा इकडं आल्यावरचा. कधीमधी भेटलो की ती नुसती म्हणायची, उंबर असेल का गं अजून. मी म्हणायची, असेल. झालं. तेवढं बोलून दोघींना बरं वाटायचं. आता मी कुणाला विचारू? मी गेले की तिथं एक घर होतं, एक पोर होतं, हे कुणालाच ठाऊक नाही. आतून नुसतं ओढ लागल्यासारखं होतं रे. झोपेतून उठते ती तिथंच असते मी. डोळे उघडले की एंडुलेन.

एलिगिवा : थांबा, थांबा दोघंही. दादा, तुम्ही एवढे जुने ड्रायव्हर, मी ऑफिसात बसणारी बाई तुम्हाला सांगू का? खाली उतरायला परवानगी असलेल्याही जागा आहेत आत. डबे खायच्या, पाय मोकळे करायच्या.

सानिंगो : आहेत, पण चार-सहाच. एवढ्या मोठ्या रानात.

एलिगिवा : मग मावशींची जागा त्यातल्या एखादीच्या जवळ निघाली तर? तिथं उतरून मातीला हात तरी लावतील. मावशी, नाव नका सांगू. नाव सोडून बाकी सगळं सांगा. डोळे मिटा आणि दिसतं ते सांगा.

येयो : डोळे मिटायला कशाला पाहिजेत?

एलिगिवा : बरं, उघडे ठेवून सांगा.

येयो : खडक बसलेल्या गाईसारखा. मान उगवतीकडं. पाठीवर मध्ये चीर, आणि त्या चिरेतून उंबर वर आलेलं. मुळं खडकावरून अशी खाली उतरलेली, चढायला शिडीच जणू. खडकाच्या पोटाशी कुंपण आणि फाटक. फाटकाच्या उजव्या हाताला थोरल्या आईचं घर, डाव्या हाताला माझ्या आईचं. मध्ये वासरांची जागा.

सानिंगो : उंबर तर बऱ्याच खडकांवर आहे. तिथं पाणी कुठून आणायचे?

येयो : मावळतीला झरा. उन्हाळ्यात दोन भोपळे भरायला सकाळ जायची.

सानिंगो : मावळतीला झरा... आणखी?

येयो : फाटकासमोर बसका दगड. सपाट, आडवा. माझ्या छातीला लागायचा, म्हणजे आता कमरेला लागेल. त्यावर खळग्या कोरलेल्या दोन रांगांत. खेळायला. बापे लोक दुपारी तिथं खडे खेळत बसायचे. एक माणूस हरला की सगळे त्याच्या बायकोला ऐकवायचे.

सानिंगो : खळग्या.

येयो : एका रांगेत आठ. दुसरीत सात आणि एक अर्धी.

सानिंगो : अर्धी कशी?

येयो : टोकाची. उथळ. नुसती बशीएवढी. कोरायला घेतली होती, पुरी झाली नाही.

एलिगिवा : दादा, चहा. दादा, कप सरळ धरा, नकाशावर सांडतोय. काय झालं?

सानिंगो : उगवतीकडच्या टोकाला का गं? ती अर्धी?

येयो : हो.

सानिंगो : तिच्या कडेला बोटभर भेग आहे?

येयो : तुला कुणी सांगितलं?

सानिंगो : मी तिच्यात मीठ ठेवतो.

येयो : काय ठेवतोस?

सानिंगो : मीठ. अंड्यांबरोबर खायला. जेवणाचा दगड म्हणतो आम्ही ड्रायव्हर लोक त्याला. दुपारी तिथंच थांबतो. पाहुणे डबे उघडतात, मी दगडावर कापड घालतो. पण टोकाला कापड पुरत नाही, मग त्या उथळ खळगीत मीठ ओततो. चिमूटभर उरतं ते मुंग्या नेतात. येयो, वीस वर्षं. आठवड्यातून एकदा म्हटलं तरी...

एलिगिवा : हजार वेळा झालं दादा.

येयो : म्हणजे तू वीस वर्षं तुझ्या आजीच्या दारात बसून जेवतोयस.

सानिंगो : मला माहीत नव्हतं गं.

येयो : आणि कधी घरातल्यांना नमस्कार केला नाहीस. असं शिकवलं होतं मी?

सानिंगो : येयो, मी तर पाहुण्यांना सांगतो, की लढाईला जायच्या आधी योद्धे या खळग्यांत एकेक खडा टाकायचे. जो परत आला तो आपला खडा उचलायचा. उरलेले खडे म्हणजे मेलेले. बायका तर रडतात ऐकून.

येयो : हे कुणी सांगितलं तुला?

सानिंगो : आधीच्या ड्रायव्हरनं. थोडं मी वाढवलं.

येयो : योद्धे! माझा बाप खडे चोरायचा खेळताना, आणि पकडला गेला की खोकल्याची उबळ आल्यासारखं करायचा. हे सांग त्यांना. मग कशा हसतात बघ.

एलिगिवा : मावशी, आता तरी कागद फाडायला नको ना? जेवणाचा दगड परवानगीच्या यादीत आहे. उतरायचं, बसायचं, जेवायचं. अधिकृत. मी स्वतः टाइप केलंय ते.

येयो : म्हणजे उतरता येतं तिथं?

एलिगिवा : येतं.

येयो : जमिनीवर?

एलिगिवा : चप्पल काढूनसुद्धा.

येयो : उंबर आहे का रे?

सानिंगो : आहे. भला मोठा झालाय. सगळे त्याच्याच सावलीत बसतात.

येयो : आहे. तिला म्हणायची ना मी, असेल म्हणून. ती गेली, आणि आता कळतंय... असू दे. मला जरा पाणी दे पोरी.

एलिगिवा : घ्या. सावकाश.

येयो : आणि आईचं घर होतं तिथं आता काय आहे? फाटकाच्या डाव्या हाताला?

सानिंगो : तिथं... गवत आहे. झुडपं आहेत.

येयो : माझ्याकडं बघून सांग. पहिल्यांदा खोटं बोललास तेव्हाही असाच कानाला हात लावला होतास.

सानिंगो : संडास बांधलेत, येयो. पाहुण्यांसाठी. दोन.

येयो : आईच्या घरावर?

सानिंगो : तू सांगतेस त्यावरून तरी बरोबर तिथंच.

एलिगिवा : मावशी...

येयो : वाईट वाटलं. नाही कसं म्हणू? फार वाईट वाटलं. त्या घराचं शेण मी तिच्याबरोबर कालवलंय. भिंतीवर माझ्या हाताचा पंजा होता, झोपायच्या जागेशी. स्वच्छ तरी ठेवतात का?

सानिंगो : ठेवतात. रोज धुतात.

येयो : तिला घाण खपायची नाही. सगळ्यांत वाकबगार होती घर सारवण्यात. बरं, आता जेवतात कुठं लोक ते सांग. नेमकं कुठं बसतात?

सानिंगो : उंबराखाली. दगडाच्या भोवती. कधी चार, कधी चाळीस.

येयो : अजून तिथं माणसं जेवतात म्हणजे. तेवढं तरी बरं झालं. ओसाड असेल असं वाटायचं मला.

सानिंगो : येयो, ती अर्धी खळगी कुणी कोरायला घेतली होती?

येयो : माझी बहीण. पाठची.

सानिंगो : तुला सख्खी बहीण होती?

येयो : सहा पावसाळे पाहिले असतील तिनं. उंबराच्या मुळांवरून सरसर वर चढायची, आणि खडकाच्या माथ्यावर बसून सगळ्या रानाला ओरडून सांगायची, की मी इथं आहे. म्हणून मग लोक त्या खडकालाच तिच्या नावानं ओळखायला लागले. गुरं कुठं आहेत? तिच्या खडकापाशी. पाहुणा कुठं उतरला? तिच्या खडकापाशी.

सानिंगो : आणि खळगी?

येयो : बाप्यांच्या खेळात एक खळगी कमी होती. सातात कसेतरी भागवायचे. तिनं मनावर घेतलं. गारगोटी घेऊन रोज ठाकठूक. कुणी हसलं तर त्याच्या पायावर गारगोटी टाकायची. मी म्हटलं, मी तुला मदत करते. अर्धी तू, अर्धी मी. तिची अर्धी झाली. मग निघायचं ठरलं.

सानिंगो : इकडं यायचं.

येयो : हो. तिला ताप होता. आई म्हणाली, वासरं हळू चालतात, तू ती घेऊन बायकांबरोबर पुढं हो. आम्ही हिचा ताप उतरला की मागून येतो. मी निघाले तर ही झोपल्या झोपल्या म्हणते, तुझी अर्धी राहिली. मी म्हटलं, येईन की परत, करू. मला तेव्हा काय ठाऊक? मला वाटलं नेहमीसारखं चाऱ्यासाठी चाललोय, पाऊस झाला की परतू. मी चार मुक्काम मागं बघत चालले. पाचव्या दिवशी पाणवठ्यावर आई आली, बाप आला. पाठीवर कुणी नव्हतं.

एलिगिवा : अगं आई गं.

येयो : मी विचारणारच होते. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तोंडातून नाव निघायच्या आत. तिच्या हाताला चरबीचा वास येत होता, पोराच्या अंगाला शेवटची लावतात ना, तिचा. त्यावरून कळलं मला. तेव्हापासून ते नाव माझ्या तोंडात तसंच आहे. ना गिळलं, ना बाहेर आलं.

सानिंगो : येयो, मी त्या खळगीत मीठ ठेवत आलो गं. तिच्या खळगीत.

येयो : रडतोस काय घोड्याएवढा? डोकं इकडं कर. कर म्हणते ना. हात ठेवू दे. केस पिकले तुझे, आणि मला पत्ताच नाही.

सानिंगो : माफ कर.

येयो : मीठ म्हणजे काही वाईट नाही. गाईसुद्धा मिठासाठी चार कोस चालतात. तिनं कोरलेल्या जागेतलं तू खाल्लंस, तुझ्या पाहुण्यांनी खाल्लं. बाप्यांचे खडे पडायचे होते तिच्यात, मीठ पडलं. उपयोगाला आली ना? ती अशीच म्हणाली असती. ठेवत जा.

एलिगिवा : मावशी, थांबायची वेळ लिहावी लागते. पाहुण्यांना तिथं चाळीस मिनिटं देतो आम्ही. मी तुमच्यासाठी अख्खी दुपार लिहिते. बारा ते पाच. त्या दिवशी गाडी रिकामीच आहे, कुणाच्या बापाचं काय जातंय?

सानिंगो : तेवढा वेळ तू काय करशील येयो?

येयो : बसेन. दगडाला हात लावेन. माझी अर्धी राहिलीय, पण आता कोरायला हातात जोर कुठंय?

सानिंगो : कोरता येणारही नाही गं. खडकाला ओरखडा काढला तरी...

येयो : कायदा. कळलं. नाही कोरत. बोटानं फिरवेन नुसतं. बोटानं कुणाचा खडक झिजत नाही.

एलिगिवा : आणि मावशी, तो भोपळा न्या तुम्ही.

सानिंगो : मालक काय म्हणतील?

एलिगिवा : मालकांना मी सांगते, गाडीत दुधाचा भोपळा नव्हता. सामानाच्या यादीत लिहिते, पाण्याचं भांडं, एक. तुम्ही फक्त बूच घट्ट बसवा.

येयो : मामाकडून नाही बसवून घेणार. तिच्या वाटचं दूध दगडावर शिंपडायचंय, सांडायचंय ते तिथं. तुझ्या सीटवर नाही. शुभ हो तुझं पोरी. भरपूर वासरं होवोत तुला.

एलिगिवा : मला एक नवरा मिळाला तरी पुरे, मावशी. हां, आता कागद राहिला. अंगठा नको म्हणालात.

येयो : आण इकडं. पेन दे. मला नाव लिहिता येतं. रात्रीच्या वर्गाला जात होते, हा पोटात होता तेव्हा. नो... ला... री. हे घे. काय बघतोस?

सानिंगो : काही नाही. मी तुझं नाव लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

एलिगिवा : सुरेख अक्षर आहे. दादांपेक्षा शंभर पटींनी बरं. झालं सगळं. गुरुवारी सहा वाजता. फक्त प्राण्यांचा रकाना मोकळा राहिलाय.

येयो : राहू दे म्हटलं ना.

सानिंगो : येयो, एक विचारू? रागावू नकोस. मी घरातलाच आहे, माझ्या सख्ख्या मावशीचं आहे म्हणून विचारतो. तिचं नाव काय होतं?

येयो : सांगेन.

सानिंगो : खरंच? सांगशील?

येयो : साठ-पासष्ट वर्षं तोंडात धरलंय. मी गेल्यावर कुणाला तरी माहीत असायला हवं. रीत मोडली म्हणून म्हातारे बोलतील, बोलू देत. पण इथं नाही. तिथं, दगडापाशी सांगेन.

सानिंगो : इथं का नाही?

येयो : इथून नाव घेतलं तर तिला ऐकू जाईल. मी बोलावतेय असं वाटून उठेल, आणि निघेल यायला. वाट फार लांब आहे रे, आणि पाय लहान आहेत तिचे.